दोन पोती आणि तंबिटाचा डबा

या श्रावणात अक्काच्या घरी दळण दळणाऱ्या काकूंना कामावरून घालवलं. त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता. त्या आळाच्या मुळाशी एक गोष्टीचं पुस्तक होतं, आणि ते पुस्तक घरातल्या पोरांना वाचून दाखवणारा मी होतो. त्यामुळं ही हकिगत मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर भालकी तालुक्यात, मेहकरापासून दोन कोसांवर. मुलूख संस्थानी, त्यामुळं गावात मराठी शाळा नाही. सरकारी शाळा आहे ती उर्दू, आणि तीही मास्तर आला तर. आपण होऊन शाळा काढायची तर परवानगी लागते, आणि परवानगी मागणाऱ्याचं नाव चावडीत लिहून घेतलं जातं. कॉलेज सोडून मी महिनाभर अक्काकडं राहायला गेलो, तेव्हा तिची पोरं आणि शेजारची आठ-दहा पोरं दुपारी ढाळजेत, दारालगतच्या ओसरीत, माझ्याभोवती जमू लागली. गोष्ट सांगणं ही शाळा नव्हे. तिला अजून तरी परवानगी लागत नाही.

पोरांची पुढारी माझी भाची, दहा वर्षांची. कोण कुठं बसायचं ते ती ठरवी. कुणी मध्येच बोललं तर त्याच्याकडं नुसतं बघे. तेवढं पुरे.

वाचायचं काय, हा प्रश्न होता. मी स्वतः चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. चुलत्यांचं कापडाचं दुकान होतं. सोलापूरहून येणाऱ्या ताग्यांच्या घडीत पत्रकं यायची. दुकानात बसणाऱ्या मोठ्या माणसांना मोडी यायची, उर्दू यायची, कानडी तर सगळ्यांच्या तोंडात. पण छापील मराठी भराभर वाचणारा मी एकटाच. सात-आठ वर्षांचा होतो. गठ्ठ्यावर बसवून मला वाचायला लावत. शेतसारा, वेठ, अस्पृश्यता, परदेशी कापड, जे येईल ते. निम्म्या शब्दांचा अर्थ मला कळत नसे, पण पाच-सहा मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत गप्प बसलेली असत, हे कळत असे. वाचून झालं की कागद चुलीत. मला वाटे, आता जग बदलणार, कारण मी वाचलं आहे.

असली पत्रकं पोरांना वाचून दाखवावीत तर एखादं पोर तेच चावडीसमोर म्हणून दाखवणार, आणि अक्काच्या दारात शिपाई येणार. म्हणून मी निरुपद्रवी काहीतरी शोधलं. माझ्या ट्रंकेत लहानपणचं एक पुस्तक होतं. पहिलं पान ते माझ्या हाती आलं तेव्हाच नव्हतं, त्यामुळं नाव ठाऊक नाही. पाठीला कुणीतरी खळ लावून पंचांगाचा कागद चिकटवला होता. आत पुण्याकडच्या कुठल्याशा बोर्डिंगातल्या मुलांच्या गोष्टी. टोपी घालणारी, क्रिकेट खेळणारी, एकमेकांसाठी जीव टाकणारी मुलं, आणि मिशीत हसणारे गुरुजी. तालुक्याच्या बोर्डिंगात असताना मी ते निदान वीस वेळा वाचलं होतं. आम्ही बॅट कधी पाहिली नव्हती. धुण्याचं धोपाटणं घेऊन आम्ही चिंधीच्या चेंडूला बडवत असू आणि स्वतःला त्या पुस्तकातले समजत असू.

पहिल्या दोन दुपारी मीही रमलो. तिसऱ्या दुपारी मला त्या पानांचा उबग येऊ लागला. लहानपणी ज्या ओळींवर डोळे भरून आले होते, त्याच ओळी तोंडातून काढताना जीभ जड होई. त्या पुस्तकात गरीब मुलगा एकच आहे आणि त्याचं काम आभार मानणं. तो पंगतीत शेवटी बसतो, शेवटचं वाढलेलं खातो, आणि गुरुजी त्याच्या विनयाची तारीफ करतात. नोकरमाणसांना नाव नाही. स्वैपाक करणारी बाई लंगडी, म्हणून तिचं नावच लंगडी. आणि हे कुणी दुष्ट माणसानं लिहिलेलं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सद्गुणांवर चार ओळी आहेत. त्या चार ओळींचीच मला जास्त किळस आली.

पण पोरं हसत होती. पोरं हसत असली की वाचणाऱ्याला थांबवत नाही. मी थांबलो नाही.

मेजवानीची गोष्ट त्यातली सगळ्यांत नावाजलेली. मुलं कोठीतले लाडू पळवतात. लंगडी मागं धावते, परातीवर पडते, परात वाजते, मुलं पोट धरून हसतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारतात. कुणीच कुणाचं नाव सांगत नाही. गुरुजी मिशीत हसतात आणि मुलांच्या एकीचं कौतुक करतात. संपली गोष्ट. अक्काची पोरं ही गोष्ट पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचली. भाची मध्येच म्हणाली,

"मामा, मग त्या बाईचं काय झालं?"

"काही लिहिलेलं नाही."

"पडली तर लागलं असंल की."

"गोष्टीत लागत नाही," मी म्हणालो, आणि पान उलटलं.

पंचमी चार दिवसांवर आली होती. अक्काच्या नणंदेची सासरची ती पहिली पंचमी. तिला पाठवायला घरात तंबिटाचे लाडू केले होते. भाजलेल्या डाळीचं पीठ, गूळ, तीळ. पीठ काकूंनी दळलं होतं. काकू म्हणजे गावातल्याच एक विधवा बाई. नात्यानं कुणाच्या काकू नव्हेत, पण सगळं घर त्यांना काकूच म्हणे. पहाटेपासून दोन तास जातं, मग मिरच्या कांडणं, मग सारवण. त्याबद्दल भाकरी, कालवण आणि सुगीला जोंधळा. त्या घरावाचून त्यांना दुसरं घर नव्हतं. गावात दळायला लावणारी घरं तीन, आणि उरलेल्या दोन घरांत आधीच बायका होत्या.

लाडू घेऊन गाडी निघायच्या आदल्या दिवशी अक्काच्या सासूबाईंनी डबा उघडला. तळाला चुरा आणि दोन लाडू.

मी ढाळजेत बसून लिहीत होतो. सोलापूरच्या एका साप्ताहिकासाठी श्रमाच्या प्रतिष्ठेवर लेख चालला होता. माजघरातलं सगळं ऐकू येत होतं.

"दळलं तू. वळताना जवळ तू. या माजघरात दुसरं कोण येतंय?"

"मी न्हाई घेतलं, अम्मा."

"मग नागोबानं खाल्ले का पंचमीच्या आधी?"

"लेकरायला तरी इचारा."

"माझ्या नातवायचं नाव घेतीस? खायचं त्यायला मागून मिळतंय. चोरून कामून खातील? उद्यापासून येऊ नगंस."

काकू ढाळजेतून माझ्यासमोरून बाहेर गेल्या. हाताला अजून मिरचीचं तिखट होतं, ते पदराला न लावता हात अंगापासून दूर धरून चालल्या होत्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी मनात म्हणालो, बहिणीच्या सासरचा मामला आहे, आपण पाहुणे. आणि लेखाचं पुढचं वाक्य लिहिलं. ते वाक्य चांगलं साधलं होतं, हे मला आठवतं. म्हणूनच ते आठवलं की तोंड कडू होतं.

तीन दिवसांनी चिंचेखाली पोरांचा खेळ चालला होता. पाच-सहा पोरं रांगेत ताठ उभी. भाचीनं काजळाच्या मिशा काढल्या होत्या आणि हातात छडी म्हणून काठी.

"कुणी केलं?" ती घोगऱ्या आवाजात विचारत होती.

कुणी बोलेना. मग ती मिशीत हसली, सगळे हसले, आणि एक पोर लंगडत पळू लागलं. रांगेत सगळ्यांत धाकटा होता तो एकदम रडायला लागला.

"मी तीनच खाल्ले. दादानं सात खाल्ले. तवापासनं माझं पोट दुखायलंय."

भाचीनं त्याच्याकडं बघितलं. तिची ती नेहमीची नजर. पोर गप्प झालं. पण मी ऐकलं होतं.

मी तिला बाजूला घेतलं. "लाडू तुम्ही खाल्ले?"

"मी सांगणार न्हाई."

"काकूंचं काम गेलं ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय." तिचा चेहरा लाल झाला होता. "पण बोर्डिंगवाले नाव सांगत न्हाईत. आम्ही बेलाच्या पानावर हात ठेवून शपथ घेतलोय. पुस्तकात तसंच हाय. तूच वाचलास."

ती खोटं बोलत नव्हती आणि भीतही नव्हती. आपण काहीतरी थोर करतो आहोत अशी तिची मान ताठ होती. ती मान मला ओळखीची होती. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्या खांद्यावर होती.

मी सगळ्या पोरांना चिंचेखाली बसवलं आणि त्यांना माझ्या बोर्डिंगची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. इथं ती पोरांना सांगितली त्यापेक्षा थोडी सविस्तर लिहितो.

आमचं बोर्डिंग मुठीवर चालायचं. आजूबाजूच्या गावांत घरोघरी जात्याजवळ एक गाडगं ठेवलेलं असे. दळायला बसण्याआधी बाईनं मूठभर जोंधळा त्यात टाकायचा, बोर्डिंगच्या पोरांसाठी. शुक्रवारी शाळेला सुटी. त्या दिवशी आम्ही गाडी जुंपून गावोगावची गाडगी पोत्यात रिकामी करून आणत असू. बोर्डिंगचं पत्रक निघालं होतं, त्यात हे बोर्डिंग जातपात न पाहता सर्वांचं आहे असं ठळक छापलं होतं, आणि मोठ्यानं वाचणारा म्हणून ते पत्रक गावोगाव वाचायला मलाच पुढं करत. वेशीबाहेरच्या वाड्यांवरही मी ते वाचलं. चामडं कमावणाऱ्यांच्या घरांसमोर उभं राहून वाचलं. ती माणसं हात जोडून ऐकत होती. पुढच्या शुक्रवारपासून त्यांच्याही दारात गाडगी आली.

त्यांची मूठ आम्ही घ्यायचो. मात्र गाडीत पोती दोन होती. एक साधं, आणि एक काळ्या दोरीचं. वेशीबाहेरची मूठ काळ्या दोरीच्या पोत्यात. गाडगं त्यांनी जमिनीवर ठेवून मागं सरायचं, मग आम्ही ओतून घ्यायचं. साधं पोतं बोर्डिंगच्या कोठीत जाई. काळ्या दोरीचं पोतं व्यवस्थापक मंडळातल्या एका अडत्याच्या दुकानात विकलं जाई आणि त्यातून कंदिलाचं घासलेट येई. त्या उजेडात आम्ही अभ्यास करायचो. उजेडाला विटाळ नव्हता. त्या वाड्यांवरचं एकही पोर बोर्डिंगात नव्हतं. जागा नाही, असं सांगत. माझ्या शेजारची वळकटी ठेवायची जागा दोन वर्षं रिकामी होती.

मी तेरा वर्षांचा होतो. पत्रकांनी माझं डोकं तापलेलं होतं आणि त्या पुस्तकानं त्यात खोडीची हौस घातली होती. एका शुक्रवारी परतताना ओढ्याजवळ गाडी थांबवून मी आणि दोन मित्रांनी काळ्या दोरीचं पोतं साध्या पोत्यात ओतलं. रिकामं पोतं ओढ्यात टाकलं. आता सगळे जण एकाच घासाला बाटणार आणि कुणाला कळणारही नाही, म्हणून आम्ही गाडीत लोळून हसलो. जात मोडण्याचं काम मी लपूनछपून केलं, खोडी म्हणून केलं, आणि स्वतःला शूर समजलो.

बोर्डिंगात स्वैपाकाला एक बाई होती. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तीस पोरांच्या भाकरी ती एकटी थापायची. उजव्या मनगटावर तव्याचा डाग, बांगडीसारखा गोल. जोंधळा मुठीत घेऊन ती सांगायची की हा कमलनगराकडचा, हा ओढ्याकाठचा. त्या शनिवारी तिनं पोत्यात हात घातला, दाणे हातावर घोळवले आणि माझ्याकडं बघितलं.

"आज दोन्ही एकच झालंय व्हय रे?"

मी चुलीकडं बघू लागलो.

"असू दे," ती म्हणाली. "पोट काय इचारतंय?" आणि दळायला बसली.

आठवड्यानं अडत्यानं काळ्या दोरीचं पोतं का आलं नाही म्हणून विचारलं, आणि सगळं बाहेर आलं. मंडळाची माणसं आली. कोठीतलं पीठ म्हशींपुढं टाकलं. त्याच म्हशींचं दूध दुसऱ्या दिवशी आम्हाला मिळालं. जात्याचा दगड टाकीनं नव्यानं टोचून घेतला. खोल्यांत गोमूत्र शिंपडलं. आम्हाला अंघोळी घातल्या. आणि दळलं कुणी, तर अव्वानं. म्हणून पोरांना बाटवलं तेही अव्वानंच. तिला पोत्यातला फरक कळला होता हे तिनंच सांगितलं. खोटं बोलणं तिला सुचलं नसावं.

सुपरिंटेंडेंटनी आम्हाला रांगेत उभं केलं. दोन्ही पोती कुणी एक केली, असं विचारलं. अव्वा दारात उभी होती. तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, मला सोपं जावं म्हणून बघत नव्हती, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी पुस्तकातल्या त्या पानावर उभा आहे. दोघा मित्रांची नावं सांगायची नाहीत. प्राण गेला तरी सांगायची नाहीत. माझ्या अंगावर काटा आला होता, अभिमानानं. स्वतःचं नाव सांगता येतं, त्याला चुगली म्हणत नाहीत, हे त्या पुस्तकात कुठंच नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. किंवा सुचलं होतं. अकरा वर्षांनंतर मी याबद्दल शपथ घेणार नाही.

अव्वा त्याच दिवशी गेली. एक गाठोडं आणि पळी. पळी तिची स्वतःची होती. संध्याकाळी सुपरिंटेंडेंट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पोरांमध्ये एकी आहे ही चांगली गोष्ट आहे. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझे चुलते वर्षाला दोन तागे बोर्डिंगला देत होते. त्याच वर्षी समतेवरच्या माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं.

एवढं सांगून मी थांबलो. मघाशी लंगडत पळणारं पोर पाय जवळ घेऊन बसलं होतं. भाचीच्या मिशा घामानं गालावर उतरल्या होत्या.

"तू कामून सांगितला न्हाईस?" तिनं विचारलं.

"पुस्तकात होतं तसं वागलो."

"आणि तेच पुस्तक आमाला वाचून दाखवलास."

ती उठली. "शपथ माझ्यापुरती मोडायलेय. तुमची नावं मी सांगणार न्हाई," ती पोरांना म्हणाली, आणि घराकडं चालू लागली. मी मागोमाग गेलो.

सासूबाई वाती वळत होत्या. भाची समोर उभी राहिली.

"आज्जी, लाडू काकूनं खाल्ले न्हाईत. मी काढले डब्यातून."

"तू?"

"व्हय. फळीवर चढून."

सासूबाईंनी वात खाली ठेवली. मी वाट बघत होतो की आता तिला मार बसेल. आणि खरं सांगतो, तो बसावा असं मला वाटत होतं. त्यांनी तिच्याकडं बघितलं, गालावरचं काजळ बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसल्या.

"बघा पावणं, केवढी पोरगी आणि केवढा कारभार. फळीवरून पडली असतीस तर? अगं, मागायचे की." आणि त्यांनी शिंक्यावरच्या डब्यातून उरलेल्या दोन लाडवांतला एक काढून तिच्या हातावर ठेवला.

काकूंनी खाल्ले असं वाटलं तेव्हा ती चोरी होती. नातीनं खाल्ले तेव्हा कौतुक. मी कितीतरी पत्रकं वाचली आहेत, अन्यायाची मोठमोठी वर्णनं पाठ आहेत, पण त्या हसण्याइतकं ओंगळ मी काही पाहिलं नव्हतं. आणि ते हसू वाईट बाईचं नव्हतं. त्या मला रोज आग्रह करून वाढतात.

"काकूंचं काय?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? येऊ दे की उद्यापासून. निरोप धाडते."

"निरोप नको. आम्ही जातो."

"तुम्ही कामून जायलाव? पाव्हण्या माणसानं दळणारणीच्या दारात?"

भाचीनं लाडू डब्यात परत टाकला. आम्ही गेलो.

काकूंचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं छपरी. छपरीत त्यांचं स्वतःचं जातं, लहान, खुंटा झिजलेला. त्या अंबाडी निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. भाचीनं सगळं सांगितलं, न रडता. काकूंनी ऐकून घेतलं.

"मला ठाव होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच. धाकट्याच्या नाकावर पीठ होतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. "सांगितलं की, मास्तर. लेकरायला इचारा म्हणलं. तुमी ढाळजेत होताव. ऐकलाव न्हाई?"

मी खाली बघितलं. भाचीही माझ्याकडंच बघत होती.

"अम्मा उद्यापासून या म्हणतात," मी म्हणालो.

"तितं कशाला येऊ मी? काम तर पायजेच. पर त्या माजघरात पाय ठेवणार न्हाई मी. दळण हितं आणून द्या, दळून ठेवते, घेऊन जावा. मिरच्या बी हितंच. जमत असंल तर बघा."

घरी हे सांगितल्यावर सासूबाईंचा पारा चढला. दळणारणीनं अटी घालाव्यात? दाणे तिच्या दारात कोण घेऊन जाणार? भाची म्हणाली, मी नेते. घरची लेक डोक्यावर पाटी घेऊन गल्लीतून जाणार, हे तर त्याहून अशक्य. दोन दिवस घरात दळण नव्हतं. अक्का आणि सासूबाई आळीपाळीनं जात्यावर बसल्या. तिसऱ्या दिवशी अक्काच्या हाताला फोड आले, आणि सासूबाई पाटीत जोंधळा मापायला लागल्या.

पाटी मी नेली. म्हणालो, मी नेतो, आणि उचलली. श्रमाच्या प्रतिष्ठेवरचा लेख तोपर्यंत छापायला गेला होता. अक्काच्या दारापासून काकूंच्या छपरीपर्यंत दीडशे पावलं असतील. त्या दीडशे पावलांत चावडीवरची माणसं, पारावरची माणसं, आडावरच्या बाया सगळ्यांनी बघितलं. कुणी काही म्हणालं नाही, एकजण सोडून. तो म्हणाला, "काय पावणं, सासुरवास चालू झाला व्हय?" माझे कान तापले. मला लाज वाटली. पाटीची लाज वाटली. सगळं लिहून झालेल्या माणसाला जोंधळ्याच्या पाटीची लाज वाटते, तेव्हा त्याचं लिहिणं कुठल्या पोत्यात घालायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आता रोज पाटी नेतो. भाची बरोबर येते. तिला पाटी उचलू देत नाहीत, पण पिठाचं फडकं ती आणते. तिची चिंचेखालची रांग मोडली आहे. ज्या पोरानं सात लाडू खाल्ले होते ते अजून तिच्याशी बोलत नाही. पुस्तक ढाळजेतल्या कोनाड्यात आहे. परवा पोरं पुढची गोष्ट मागत होती. मी वाचायला घेतली आणि स्वैपाकाची बाई आली तिथं भाचीनं थांबवलं. तिला नाव दे, म्हणाली. पोरांनी नावं सुचवली, भांडणं झाली, आणि त्या दिवशी वाचन पुढं गेलंच नाही.

काकूंना भाचीनं अव्वाची गोष्ट सांगितली. मी सांगितली नव्हती. एका सकाळी पाटी खाली ठेवली तशा त्या जात्यात मूठ सोडता सोडता म्हणाल्या, "त्या बाईला जाऊन सांगितलाव का, मास्तर?"

"अकरा वर्षं झाली, काकू. कुठं आहे कोण जाणे. कुणीतरी म्हणत होतं, गाणगापुरात यात्रेकरूंसाठी भाकरी थापते म्हणून."

"गाणगापूर म्हंजे काय काशी हाय व्हय?"

त्यांनी जात्यात पुढची मूठ सोडली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. आता पाटी ठेवली की पहिलं वाक्य तेच असतं, शेजारणीची ख्यालीखुशाली विचारावी तसं. "जाऊन आलाव का?" मी नाही म्हणतो. त्या जातं फिरवायला लागतात.

आणि मी काय केलं? मी हे लिहायला बसलो. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही खोड आहे. लिहिलं की केलं असं त्याला वाटतं, आणि मोठ्यानं वाचलं की जग बदललं. चार दिवस या कागदांना दिले. तेवढ्यात दोनदा जाऊन आलो असतो.

आज सकाळी काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, उद्या पाटी आणायला मी नाही, दुसरं कुणी येईल. त्यांनी हात थांबवला, जात्याचं तोंड पुसलं, आणि विचारलं, "तिची वळख पटंल का?"

"मनगटावर तव्याचा डाग आहे. गोल."

"भाकरी थापणाऱ्या सगळ्यायच्या हातावर असतोय," काकू म्हणाल्या, आणि आपला हात पुढं केला.

अक्काला भाकरी बांधून द्यायला सांगितलं आहे. भाची येते म्हणून हटून बसली आहे, आणि तिची आज्जी नाही म्हणते आहे. माजघरात त्यांचं भांडण चाललं आहे ते इथं ऐकू येतं. मी उठून आत जातो. या वेळी ढाळजेत बसून ऐकणार नाही.